बार्शी लाईट चार फुटांच्या फळीवर

प्रश्न : ताई, मी मूळचा बार्शीचा. नोकरीसाठी पिंपरीत एका खोलीत भाड्याने राहतो. आमचे आजोबा बाजाराला बार्शी लाईटने कुर्डुवाडीला जायचे. लहानपणी मीही त्या गाडीत बसलो आहे. आता तिथे मोठी लाइन आली. मला त्या छोट्या गाडीचं मॉडेल करायचं आहे. जागा म्हणजे कपाटावरची चार फूट लांब आणि फूटभर रुंद फळी. आज हातात दहा हजार रुपये आहेत, पुढे महिन्याला पाच-सहाशे निघतील. माहिती वाचायला बसलो की एचओई, ओओ-नाइन, ओएन-थर्टी अशा नावांनी डोकं गरगरतं. एखादा तयार सेट घेऊन सुरुवात करू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तयार सेट घेऊ नका. त्यात परदेशातल्या मोठ्या लाइनचं इंजिन येईल, गोल फिरणारे रूळ येतील, आठवडाभर गाडी फिरेल आणि मग खोका माळ्यावर जाईल. बार्शी लाईट कुठल्याच खोक्यात मिळत नाही, ती हातानेच करावी लागते. म्हणूनच ती तुमच्या पैशात बसते. नॅरोगेजची गाडी आखूड, वळणं तंग, स्टेशनं लहान. एक इंजिन, पाच वाघिणी (मालाचे डबे) आणि एक मालधक्का एवढ्यावर एक अख्खी रेल्वे उभी राहते. मोठ्या लाइनचं मॉडेल करणाऱ्याला तेवढ्यावर भागवता येत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवू. प्रत्येक नावात दोनच गोष्टी दडलेल्या असतात : मॉडेल मूळ वस्तूच्या कितवा हिस्सा आहे आणि दोन रुळांमधलं अंतर किती. बार्शी लाईटचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ने भागा. ८.७६ मिमी येतात. जगभर सर्रास मिळणारा एन गेजचा रूळ ९ मिमीचा आहे. म्हणजे १:८७ या प्रमाणात डबे-इमारती करायच्या आणि त्या एन गेजच्या रुळावर चालवायच्या, की हिशेब पाव मिलिमीटरच्या आत जुळतो. यालाच एचओई म्हणतात. ओओ-नाइनमध्ये रूळ तोच ९ मिमीचा, पण प्रमाण १:७६. त्यात गेज ६८६ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे बार्शीच्या गाडीला तो अरुंद पडतो. ओएन-थर्टी म्हणजे १:४८ आणि १६.५ मिमीचा रूळ. गेज ७९२ मिमी येतो, चालण्यासारखा आहे, पण एकेक वाघीण सोळा सेंटिमीटरची होईल आणि तुमची फळी पुरणार नाही. तुमच्यासाठी एचओई. हा विषय इथेच मिटवा. प्रमाण बदलत राहणाऱ्याची रेल्वे कधीच रुळावर येत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता तुमच्या बाजूने असलेली सर्वांत मोठी गोष्ट सांगते, आणि ती मला फार आवडते. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती एका बाजूने पंढरपुराला आणि तिथून मिरजेपर्यंत पोचली, दुसऱ्या बाजूने लातूरला. काल्थ्रॉपचं म्हणणं असं होतं की छोटी रेल्वे ही मोठीची स्वस्त नक्कल नसावी, तिचा विचारच मुळातून वेगळा हवा. यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, आणि मालाच्या सगळ्या वाघिणींच्या खाली एकाच मापाची दाबीव पोलादाची चौकट : २५ फूट लांब, ७ फूट रुंद. वर काय बसवायचं ते कामाप्रमाणे बदलायचं.

म्हणजे तुम्हाला एकच चौकट शिकायची आहे. २५ फुटांचे १:८७मध्ये ८७.६ मिमी होतात, ७ फुटांचे २४.५ मिमी. आयटीआयमध्ये मी ड्रॉइंग शिकवत होते तेव्हा मुलांना सांगायची, एकच वस्तू दहादा करायची असेल तर आधी वस्तू करू नका, साचा करा. इथेही तेच. एमडीएफच्या तुकड्यावर गुण्या लावून काटकोनात दोन पट्ट्या चिकटवा. त्यात चौकटीच्या बाजू टेकवून चिकटवल्या की प्रत्येक चौकट आपोआप काटकोनात येते. चौकट वाकडी असेल तर एखादं चाक अधांतरी राहतं आणि सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन होतात तिथे, वाघीण रुळावरून उतरते. नंतर कितीही घासा, ते सुटत नाही.

साहित्याला परदेशी प्लॅस्टिक शीट लागत नाही. एक मिलिमीटरचा चांगला पुठ्ठा घ्या, कटरने कापा, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन-तीन हात दोन्ही बाजूंनी द्या. एका बाजूने दिलात तर पुठ्ठा वळेल. चपडा मुरलेला पुठ्ठा घासता येतो, त्याला धार येते, तो दमट हवेत फुगत नाही. उघड्या वाघिणीच्या भिंती, बंद वाघिणीची दारं, प्रवासी डब्याच्या खिडक्यांच्या पट्ट्या, सगळं यातूनच होतं. बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, आणि चाकं मात्र विकत घ्या. एन गेजच्या जुन्या वाघिणींच्या बोग्या सुट्या मिळतात, त्याच खाली लावायच्या. छोट्या लाइनची चाकं मुळातच लहान असल्यामुळे ती विजोड दिसत नाहीत.

इंजिन. इथे हात आखडू नका. वाफेच्या इंजिनाचा मोह मला कळतो. लीड्सच्या किटसन कंपनीने काल्थ्रॉपला दिलेली इंजिनं मोठी देखणी होती. पण वाफेच्या इंजिनाचे दांडे हलवणारी यंत्रणा घरी करणं ही पहिल्या वर्षाची गोष्ट नाही. जपानच्या काटो आणि तोमिटेक या कंपन्या ट्राम आणि छोट्या डब्यांसाठी मोटार बसवलेल्या तयार चासी विकतात, ९ मिमी गेजच्याच. तशी दोन बोग्यांची एक चासी घ्या आणि वर पुठ्ठ्याचं डिझेल इंजिन बसवा. झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिनं नॅरोगेजवर वर्षानुवर्षं धावली. लांब बॉनेट, एक केबिन, बाजूला जाळीची दारं. पुठ्ठ्याला सोपा आकार आहे. कवच चासीवरून सहज निघेल असं करा. म्हणजे पुढेमागे त्याच चासीवर दुसरं कवच चढवता येईल. कवचात शिसं भरा. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची वजनं असतात, त्यांचे तुकडे चालतात. हलकं इंजिन रुळावरून नीट वीज उचलत नाही, अडखळतं. शिशाला हात लावला की हात धुवायचे, आणि ते कवचाच्या आत झाकलेलं राहू द्यायचं.

आता फळी. गोल फिरणारी गाडी चार फूट बाय एक फुटात बसवायला जाऊ नका. १५० मिमी त्रिज्येचं वळण मिळतं, पण त्यालाच रुळांच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर रुंदी लागते आणि तुमचा फूट तिथेच संपतो. त्याऐवजी शंटिंगचं, म्हणजे वाघिणी मागे-पुढे करून जुळवण्याचं, यार्ड करा. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन राइट यांनी ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाचा एक छोटा आराखडा केला, तो जगभर वापरला जातो. दोन सांधे, तीन सायडिंगं, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. टोकाच्या बाजूला इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढी जागा. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. आठातल्या पाचांचे क्रम ६,७२० होतात. कंटाळा येणार नाही.

तुमच्या फळीवर हे बसतं का ते मोजू. कपलिंग धरून एक वाघीण ९५ मिमी. पाचांना ४७५. एका सांध्याला साधारण १२५. इंजिन ८० धरलं तर तीन वाघिणींसह टोकाकडचा भाग ३६५. बेरीज ९६५ मिमी. सांध्याच्या पुढे दोन रूळ पुरेसे लांब होईपर्यंत वाघीण उभी करता येत नाही, तिथे दहाएक सेंटिमीटर जातात. तरीही १२० सेंटिमीटरच्या फळीवर जागा उरते. रुंदीत तीन रूळ पंधरा सेंटिमीटरांत येतात. उरलेल्या अर्ध्या फुटात मालधक्का, बैलगाड्यांचा रस्ता, कापसाच्या गाठी.

पैशांचं काय? भाव हलत असतात, म्हणून रुपये न सांगता वाटे सांगते. दहा हजारांतले निम्म्याच्या आत चासीला. पाव हिस्सा रूळ आणि पहिल्या सांध्याला. बाकीच्यात तीन वाघिणींच्या बोग्या, वीज, रंग, फेविकॉल, पुठ्ठा. बाहेरून पार्सल मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि कर धरूनच हिशेब मांडा, वेबसाइटवरचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. दुसरा सांधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्या. तो बसला की आधी पाच वाघिणींचा धाकटा आराखडा चालवा : सायडिंगं तीन, दोन आणि दोन वाघिणींची, गाडी तीनची. त्यात साठ क्रम होतात. मग महिन्याच्या पाचशे-सहाशेंतून एकेक वाघीण वाढवत आठांवर जा. फळी मात्र पहिल्यापासून मोठ्या आराखड्याच्या मापाने आखून ठेवा.

सांधा घेताना एक पाहा. दोन रूळ एकमेकांना छेदतात तो टोकदार तुकडा, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो काही सांध्यांत प्लॅस्टिकचा असतो. तिथे वीज नसते, आणि छोट्या चासीचं इंजिन नेमकं तिथेच मरतं. धातूच्या फ्रॉगचा सांधा घ्या आणि त्याला योग्य बाजूची वीज देणारा छोटा स्विच जोडा. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या स्विचने शंटिंगचा सगळा आनंद वाचतो. हा खर्च टाळू नका, हवं तर रंगाचा टाळा.

एन गेजचा रूळ मोठ्या लाइनचा म्हणून केलेला असतो, त्यामुळे त्याचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, आपल्या गाडीखाली फार बारीक आणि दाट दिसतात. पेको कंपनी नॅरोगेजसाठी वेगळा ९ मिमी रूळ करते, त्याचे स्लीपर रुंद आणि विरळ असतात. तो महाग वाटला तर साधा घ्या आणि यार्डात स्लीपर मातीखाली गाडून टाका. जुन्या यार्डांत ते तसेच असायचे.

त्या मातीबद्दल थोडं सविस्तर, कारण मॉडेल आपल्या मुलखाचं दिसतं ते मातीने. परदेशी कंपन्यांच्या पुड्यांतून सोलापूरची काळी माती मिळत नाही. गावी जाल तेव्हा शेतातली मूठभर आणा. तव्यावर भाजून कोरडी करा, म्हणजे बी-बियाणं आणि किडे राहणार नाहीत. आधी पिठाच्या चाळणीने चाळा, मग जुन्या ओढणीच्या कापडातून. आणि मग ती कागदावर पसरून चांगल्या चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून सगळीकडे फिरवा. पिशवीला काळे बारीक कण चिकटतील. दख्खनच्या काळ्या खडकात लोहाचे चुंबकीय कण असतात, ते मातीत उतरतात. रुळाशेजारी ते राहिले तर मोटारीचं चुंबक त्यांना ओढून घेतं, गिअरमध्ये ते अडकतात आणि तुमची सर्वांत महाग वस्तू खराब होते. कण निघायचे थांबेपर्यंत चुंबक फिरवा. मग माती पसरा, वरून पाण्याचा हलका फवारा द्या, आणि एक भाग फेविकॉलला तीन भाग पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. लिक्विडशिवाय ते मातीवर मोत्यांसारखं गोळा होऊन राहतं, आत झिरपत नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ एक थेंबही जाऊ देऊ नका.

मालधक्क्याच्या छपराचे पन्हाळी पत्रेही घरीच होतात. खऱ्या पत्र्याच्या दोन उंचवट्यांत साधारण ७५ मिमी अंतर असतं. १:८७मध्ये ते ०.८६ मिमी येतं. आता एम-५ बोल्टच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, किती? ०.८ मिमी. म्हणजे पूर्ण आटे पाडलेली एम-५ची दांडी हाच आपला पत्र्याचा कारखाना. हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, जुन्या मासिकावर ठेवा आणि दांडी दाबून लाटण्यासारखी फिरवा. आट्याच्या रेघा उमटतील, पण किंचित तिरप्या, कारण आटा तिरपाच असतो. म्हणून पत्रा आधी मापात कापू नका. आधी लाटा, मग उमटलेल्या रेघेला गुण्या लावून कापा. वर करडा रंग, सुकल्यावर कोरड्या ब्रशने गेरूचा हात, की गंज चढला.

सगळ्यांत आधी काय कराल? चासी आणि मीटरभर रूळ घ्या आणि टेबलावर गाडी पुढे-मागे चालवा. संथ, न अडखळता चालली पाहिजे. ती चालल्याशिवाय फळीला खिळा ठोकू नका.


प्रश्न : ताई, माझा मुलगा सहावीत आहे. माथेरानला जाऊन आल्यापासून त्याला घरात ती गाडी करायची आहे, घाटासकट. वर चढणारी, स्वतःच्याच रुळावरून पुलाने जाणारी. टेबल तीन फूट बाय दोन फूट आहे. खर्च बेताचाच करता येईल.
— एक आई, नाशिक

उत्तर : मुलाला घाटच आवडला याचा मला आनंद झाला. नेरळ-माथेरान लाइन १९०७ साली सुरू झाली. गेज दोन फूट, ६१० मिमी, आणि चढ काही ठिकाणी वीसास एक. म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आता टेबलावर हिशेब करू. गाडीवरून गाडी जायची तर खालच्या रुळापासून वरचा रूळ निदान पाच सेंटिमीटर उंच हवा. वीसास एकने चढायला एक मीटर रूळ लागतो, उतरायला तेवढाच. १५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ पूर्ण फिरलं तरी ९४ सेंटिमीटरच होतात. शिवाय एवढ्या चढावर आणि वळणावर छोटं इंजिन दोन डब्यांतच दमेल. मुलगा हिरमुसेल, आणि चूक त्याची नसेल.

यावर एक जुना उपाय आहे. रूळ सपाट ठेवा आणि दरी खाली उतरवा. टेबलावर आधी थर्माकोलचे जाड थर रचा, रूळ सगळ्यात वरच्या थरावर टाका, आणि पुढच्या बाजूला थर कापून कडा थेट टेबलापर्यंत खाली न्या. मागच्या बाजूला डोंगर वर चढवा. गाडी एका पातळीवरच फिरते, पण पाहणाऱ्याला ती कड्याच्या काठाने जाताना दिसते. माथेरानच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून जे दिसतं ते हेच. गोल फिरणारा रूळ मागे डोंगराआड न्या, तिथे छोटा बोगदा येतो. त्या लाइनवर ‘वन किस टनेल’ म्हणून प्रसिद्ध असलेला आखूड बोगदा आहे, मुलाला तो नक्की आठवत असेल.

स्टेशन करायचंच तर जुम्मापट्टी किंवा वॉटर पाइप करा. लहान आहेत, दोन-तीन डब्यांची गाडी तिथे शोभते. नेरळचं यार्ड टेबलाच्या आवाक्यात नाही.

प्रमाण १:७६ घ्या, रूळ तोच ९ मिमी. गेज थोडा रुंद येतो, पण दोन फुटी लाइनसाठी इंग्लंडमध्ये असंख्य लोक हेच वापरतात, आणि या मापाच्या जवळची १:७२ची माणसं आणि घोडे प्लॅस्टिक किटमध्ये मिळतात. घोडे तर हवेतच. मोटारींवर मात्र पैसे घालवावे लागणार नाहीत, माथेरानात त्यांना बंदी आहे. माती तांबडी हवी : चाळलेल्या मातीत गेरू मिसळा. झाडांना काथ्याचे तुकडे तारेत पिळून खोड-फांद्या करा आणि हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा त्यावर फेविकॉलने चिकटवा. चहाचा चोथा पालापाचोळ्यासाठी उत्तम, पण उन्हात कडकडीत वाळवून. जरा ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते.

थर्माकोल तापलेल्या तारेने किंवा ब्लेडने कापण्याचं काम तुमच्याकडे ठेवा, तार वापराल तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. त्यावर फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो. फेविकॉल लावा आणि रात्रभर वजन ठेवा. रंग, झाडं, माती हे सगळं मुलाला करू द्या. डोंगर त्याच्या मनासारखा झाला पाहिजे, तुमच्या नाही.


प्रश्न : मी निवृत्त आहे. दृष्टी पूर्वीसारखी राहिली नाही, बारीक कामाला हात थरथरतो. नॅरोगेजची हौस मात्र आहे. ९ मिमीचा रूळ जमेल असं वाटत नाही. आणि विजेचा कंट्रोलर विकत फार महाग पडतो, घरी करता येईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, तुम्ही १:४८ घ्या. वर पिंपरीच्या वाचकाला मी त्यापासून परावृत्त केलं ते केवळ त्याच्या फळीमुळे. यात रूळ एचओचा, १६.५ मिमी, आणि एचओचं जुनं शंटिंग इंजिन कमी पैशात मिळालं तर त्याची चासी तुमच्या कामाची. वाघीण हातात धरता येते, दाराची कडी चिमट्याशिवाय बसवता येते. तीन वाघिणी आणि एक सांधा एवढंच करा. १:४८मध्ये तेवढ्यानेच फळी भरते, आणि खर्चही बेतात राहतो.

कंट्रोलर घरी करता येतो. बंद पडलेल्या वाय-फाय राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपियरचा अडॅप्टर चालेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणारा) मोटार स्पीड कंट्रोलर म्हणून छोटी पट्टी मिळते, तिला फिरवायचं बटण असतं. दिशा बदलायला एक डीपीडीटी, म्हणजे दोन वायरी एकदम बदलणारा, स्विच घ्या, मध्ये बंद राहणारा. त्याला सहा टोकं असतात. मधली दोन रुळांना. एका बाजूची दोन कंट्रोलरच्या आउटपुटला. आणि त्या बाजूपासून दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांना वायरी फुलीसारख्या तिरप्या. मध्ये बंद राहणारा स्विच अशासाठी की धावतं इंजिन एकदम उलटं फिरवलं तर गिअरला झटका बसतो. थांबा, मग उलटा.

यात एक गोष्ट नक्की घाला. स्विचकडून रुळाकडे जाणाऱ्या एका वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब मालिकेत जोडा. गाडी नीट चालू असताना बल्बचा रोध अगदी कमी असतो, तो पेटत नाही. रुळावर चाक घसरून शॉर्ट झालं की बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह ०.८३ अँपियरच्या वर जात नाही. अडॅप्टर वाचतो, इंजिन वाचतं, आणि शॉर्ट झालं हे खोलीच्या पलीकडूनही कळतं. तुमच्या दृष्टीला हे फार सोयीचं पडेल. चासी नवीन, कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटारीची असेल तर पीडब्ल्यूएमवर दहा मिनिटं चालवून हात लावून पाहा. तापत असेल तर ती पट्टी वापरू नका, साधा व्होल्टेज कमी-जास्त करणारा रेग्युलेटर घ्या. २३० व्होल्टची कोणतीही वायर फळीखाली न्यायची नाही. अडॅप्टर भिंतीवरच राहील.

रूळ काळे पडले की पॉलिश पेपर मारू नका. बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्यांतच बसते. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घ्या आणि पुसा.


प्रश्न : मॉडेल करण्याआधी खरी गाडी आणि चांगलं मॉडेल कुठे पाहता येईल? आणि तिथे जाऊन नेमकं पाहायचं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मॉडेल पाहायचं तर पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम. १९९८ साली सुरू झालं. तिथे गाड्यांपेक्षा इमारती, सिग्नल आणि रस्ते कसे जुळवलेत ते पाहा. खरी नॅरोगेज जवळून पाहायची तर नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम, आणि चालती पाहायची तर नेरळ.

जाताना मीटर टेप आणि एक फुटाची लाकडी पट्टी न्या. पट्टीवर दर इंचाला काळा-पांढरा रंग द्या. परवानगी विचारा आणि जी वस्तू करायची आहे तिला पट्टी टेकवून समोरून, अगदी काटकोनात उभं राहून फोटो घ्या. तिरपा फोटो सुंदर येतो पण त्यावरून माप काढता येत नाही. घरी आल्यावर फोटोतली पट्टी एक फूट धरली की दारं, खिडक्या, पायऱ्या, सगळ्यांची मापं निघतात. सगळे लोक इंजिनाचे फोटो काढतात. तुम्ही वाघिणीच्या खाली वाका. ब्रेकचे दांडे, बोगीची चौकट, दोन डब्यांना जोडणारा मधला एकच बफर यांचे फोटो घ्या. छपराचेही घ्या, जिन्यावरून किंवा पुलावरून, कारण टेबलावरच्या गाडीचं छप्परच आपल्याला सर्वांत जास्त दिसतं आणि छपराचे फोटो कुणाकडेच नसतात.